नेदरलँड्समधला पहिला हिवाळा आणि डच भाषा: जोडीदारासोबत आलेल्यांसाठी

नोकरीसाठी आलेल्या माणसाचा दिवस पहिल्या सोमवारपासून भरलेला असतो. ऑफिस असतं, सहकारी असतात, जेवायला कँटीन असतं. त्याच्यासोबत आलेल्या नवऱ्याचा किंवा बायकोचा दिवस मात्र पूर्ण रिकामा असतो आणि तो स्वतःच भरावा लागतो. पुण्या-मुंबईतली स्वतःची नोकरी सोडून आलेल्यांना हे जास्त जाणवतं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आइंडहोव्हन, आम्स्टेलफेन किंवा हेगला उतरलात तर सुरुवातीचे आठवडे घर लावण्यात जातात. ते लागेपर्यंत नोव्हेंबर येतो आणि दुपारी साडेचारला अंधार पडू लागतो.

या लेखात भाषा आणि हिवाळा मी मुद्दाम एकत्र घेतले आहेत. घरी असणाऱ्या माणसासाठी हे दोन प्रश्न वेगळे नाहीतच. भाषेचा वर्ग तुम्हाला ठरल्या वेळी घराबाहेर काढतो, दिवसाच्या उजेडात सायकलवर बसवतो आणि माणसांत नेतो. हिवाळ्यात नेमक्या याच तीन गोष्टी कमी पडतात. म्हणून 'आधी थंडीची सवय होऊ दे, मग मार्चमध्ये क्लास लावू' असं कुणी म्हणालं तर मी जोरात नाही म्हणते. क्लास ऑक्टोबरमध्येच सुरू करा.

कागदपत्रं आधी

चार महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल, तर आल्यापासून पाच दिवसांत नगरपालिकेत, म्हणजे इथल्या 'खमेन्ते'त, नोंदणी करावी लागते. तिथे बीएसएन हा नागरिक क्रमांक मिळतो. मोठ्या शहरांत परदेशी कर्मचाऱ्यांसाठी वेगळी केंद्रं आहेत आणि कंपनी बहुधा तिथली वेळ दोघांसाठी एकदम घेते. बीएसएन हातात आला की लगेच 'दिखिदे' काढा. सरकारी संकेतस्थळांवर आणि आरोग्य विम्याच्या खात्यात शिरण्यासाठी हीच ओळख लागते. ती स्वतःच्या नावाने, स्वतःच्या फोनवर घ्या. जोडीदाराच्या फोनवरून सगळं चालवायची सवय लागली की पुढे प्रत्येक कामासाठी त्याची वाट पाहावी लागते.

निवासाचं कार्ड आलं की त्याची मागची बाजू वाचा. 'केनिसमिख्रांत', म्हणजे उच्चकुशल स्थलांतरित या परवान्यावर जोडीदार आला असेल, तर तुमच्या कार्डावर काम करण्याची पूर्ण मुभा असल्याचं लिहिलेलं असतं. वेगळा वर्क परमिट लागत नाही. नोकरी, स्वतःचा व्यवसाय, स्वयंसेवी काम, सगळं करता येतं. हे माहीत नसल्यामुळे वर्ष-वर्ष घरी बसून राहिलेली माणसं माझ्या पाहण्यात आहेत.

आरोग्य विमा चार महिन्यांच्या आत घ्यायचा असतो आणि तो आल्या तारखेपासून मागे लागू होतो. त्यामुळे उशीर करून पैसे वाचत नाहीत. घराजवळच्या 'हाउसआर्ट्स'कडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, निरोगी असतानाच नाव नोंदवून ठेवा. काही भागांत डॉक्टर नवे रुग्ण घेत नाहीत, आणि हे आजारी पडल्यावर कळणं फार त्रासाचं होतं.

उजेडाचे तास वाचवा

अ‍ॅमस्टरडॅम 52 अंश उत्तरेला आहे. 21-22 डिसेंबरच्या सुमारास तिथे सूर्य सकाळी पावणेनऊच्या आसपास उगवतो आणि दुपारी साडेचारला मावळतो. म्हणजे पावणेआठ तासांचा दिवस, त्यातलेही बरेच ढगाळ. मुंबईत याच दिवशी अकरा तास उजेड असतो. थंडी मात्र आपण समजतो तितकी कडक नसते. जानेवारीचं सरासरी तापमान तीन-चार अंशांच्या आसपास राहतं आणि बर्फ क्वचित पडतो. गोठलेल्या कालव्यांवरून अकरा शहरं फिरणारी सुमारे 200 किलोमीटरची प्रसिद्ध स्केटिंग शर्यत 1997च्या जानेवारीनंतर झालेलीच नाही, कारण तेवढा बर्फ जमत नाही. इथला खरा त्रास अंधार, वारा आणि भुरभुरणारा पाऊस यांचा आहे, त्यामुळे तयारीही त्याचीच करायची.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट फोनची आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि भारताशी असलेलं अंतर साडेतीन तासांवरून साडेचार तासांवर जातं. घरी असलेली माणसं साधारण दहा-अकराला, कामं आटोपल्यावर, आईला किंवा बहिणीला फोन लावतात. बोलता बोलता साडेबारा वाजतात, मग जेवण, मग थोडं पडणं, आणि डोळे उघडतात तेव्हा बाहेर काळोख. दिवसाचा सगळा उजेड घरात संपलेला असतो. असे पंधरा दिवस गेले की माणूस कारण न कळता उदास होतो.

त्यापेक्षा फोन अंधारात करा. सकाळी आठला इथे काळोख असतो आणि भारतात साडेबारा वाजलेले असतात, आईची जेवणाआधीची निवांत वेळ. किंवा दुपारी साडेचारला करा, तेव्हा तिकडे रात्रीचे नऊ असतात. सकाळी दहा ते दुपारी तीन हे तास बाहेरचे. क्लास, बाजार, ग्रंथालय, नुसतं चालणं, जे काही असेल ते या पाच तासांत बसवा. स्वयंपाक, भांडी, कपडे, मालिका हे सगळं अंधार पडल्यावर. ढगाळ दिवशीसुद्धा बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यांपेक्षा कित्येक पट जास्त असतो, त्यामुळे 'आज ऊन नाही, कशाला जायचं' हा हिशेब चुकीचा आहे. रोज किमान अर्धा तास बाहेर.

अंगावर काय आणि सायकल कशी

भारतातून जाडजूड जॅकेट आणण्यात पैसे घालवू नका. पातळ कपड्यांचे थर उपयोगी पडतात: आत थर्मल, वर लोकरीचा किंवा फ्लीसचा स्वेटर आणि सगळ्यात वर वारा-पाणी अडवणारं जॅकेट. सुती बनियन घामाने ओला झाला की अंग गार पडतं, म्हणून सर्वांत आतला थर सुती नको. थर्मल हेमा, झेमन किंवा डेकॅथलॉनमध्ये बेताच्या किमतीत मिळतात. छत्री इथल्या वाऱ्यात टिकत नाही. सायकलसाठी 'रेखनपाक', म्हणजे पावसाळी पँट आणि जॅकेटचा जोड, घ्याच. पँट वापरायला लाज वाटायचं कारण नाही, इथे वकीलही ती घालूनच कोर्टात पोचतात. हातमोजे आणि कान झाकणारी टोपी यांत कंजुषी करू नये.

लहान मुलांचे कपडे, फर्निचर, भांडी यांसाठी 'क्रिंगलोप' ही जुन्या वस्तूंची दुकानं बघा. स्वच्छ, नीट लावलेली असतात आणि तिथे जाण्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

सायकल येत नसेल तर शिका. अनेक शहरांत परिसर केंद्रांमध्ये मोठ्या माणसांसाठी, विशेषतः बायकांसाठी, सायकलचे वर्ग चालतात. सुरुवातीला सीट इतकी खाली ठेवा की दोन्ही पाय जमिनीला टेकतील. अंधारात पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा सक्तीचा आहे, नसेल तर दंड होतो. निघण्याआधी 'बाउनराडार' या अ‍ॅपवर पाऊस पाहायची सवय लावा. पुढच्या दोन तासांत कुठल्या मिनिटाला सर येणार हे त्यात दिसतं आणि पंधरा मिनिटं थांबून निघालात तर बऱ्याचदा कोरडे पोचता. हवामान खात्याने, म्हणजे केएनएमआयने, नारिंगी किंवा लाल इशारा दिला असेल तर सायकल काढूच नका. पहाटे रस्ता नुसता ओला दिसतो पण वर बर्फाचा पातळ थर असतो, तेव्हा वळणावर ब्रेक न लावता हळू जा किंवा सरळ चालत जा.

घर, दही आणि भिंतीवरची बुरशी

आपला स्वयंपाक वाफेचा आहे. कुकर, फोडणी, उकळता वरण-भात, त्यात हिवाळ्यात कपडेही घरातच वाळतात. थंडी म्हणून खिडक्या गच्च बंद ठेवल्या की महिन्याभरात बाथरूममध्ये आणि कपाटामागच्या भिंतीवर काळी बुरशी दिसू लागते. खिडकीच्या वरच्या हवेच्या झडपा उघड्याच ठेवा, स्वयंपाक करताना चिमणी चालू ठेवा, आणि रोज सकाळी दहा-पंधरा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या उघडून हवा बदला. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, चार बोटं अंतर ठेवा. थर्मोस्टॅट 19-20 अंशांवर ठेवून अंगात स्वेटर घालणं ही इथली रीत आहे, आणि गॅसचं बिल पाहिलं की ती पटते.

दही लागत नाही ही पहिल्या हिवाळ्यातली हमखास तक्रार. दूध कोमट असताना विरजण लावून भांडं बंद ओव्हनमध्ये ठेवा आणि फक्त ओव्हनचा दिवा चालू करा. तेवढी ऊब रात्रभर पुरते. इडलीच्या पिठालाही हाच उपाय.

भाजीसाठी सुपरमार्केटवर थांबू नका. हेगमधला हाख्से मार्क्त, तिथल्याच पॉल क्रूखरलानवरची दुकानं, अ‍ॅमस्टरडॅमची याव्हास्त्रात, आणि जवळजवळ प्रत्येक शहरातले सुरिनामी 'तोको', म्हणजे किराणा दुकानं, इथे भेंडी, कारली, चवळीच्या शेंगा, कोथिंबीर, बेसन सगळं मिळतं. यातल्या अनेक दुकानदारांचे पूर्वज 1873पासून उत्तर भारतातून करारबद्ध मजूर म्हणून दक्षिण अमेरिकेतल्या तेव्हाच्या डच वसाहतीत, सुरिनामला, नेले गेले. 1975मध्ये सुरिनाम स्वतंत्र झाला, त्या सुमारास हजारो कुटुंबं नेदरलँड्सला आली. त्यांची सरनामी बोली भोजपुरी-अवधीतून आलेली आहे, त्यामुळे हिंदी कळणाऱ्याला ती अर्धीअधिक समजते. पण त्यांची रोजची भाषा डच आहे. नवशिक्याला डच बोलून बघायला यांच्यासारखी आपुलकीची जागा दुसरी नाही. अडखळलात तर ते सांभाळून घेतात आणि शब्द सांगतात.

शरीर आणि मन

इथल्या हिवाळ्यातलं ऊन इतकं तिरपं असतं की त्वचेत ड जीवनसत्त्व जवळजवळ तयारच होत नाही. गडद त्वचेच्या लोकांनी रोज 10 मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घ्यावं असा इथल्या आरोग्य परिषदेचा सल्ला आहे, आणि तो फक्त हिवाळ्यापुरता नाही. चार वर्षांखालच्या सगळ्या मुलांसाठी आणि गरोदर स्त्रियांसाठीही तोच सल्ला आहे. गोळ्या कुठल्याही औषधी दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतात. भारतातून 60,000 युनिटची पाकिटं आणली असतील तर ती मनाने घेऊ नका, आधी डॉक्टरला दाखवा.

डॉक्टरची पद्धत आपल्याकडच्यापेक्षा वेगळी आहे. तापाला पॅरासिटॅमॉल घ्या, आराम करा, काही दिवसांनी फरक नाही पडला तर फोन करा, असं सांगतात. अँटिबायोटिक सहज देत नाहीत. यात हलगर्जीपणा नसतो, मात्र काही गंभीर वाटत असेल तर ठामपणे आणि नेमकं बोलायला हवं: ताप किती, किती दिवस, मूल पाणी पितं का, लघवी होते का. संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी वेगळं आपत्कालीन केंद्र असतं, तिथे आधी फोन करूनच जायचं. जिवावरच्या प्रसंगी 112.

उदासीबद्दल मोकळेपणाने लिहिते, कारण आपल्यात यावर बोललं जात नाही. सकाळी उठवत नाही, गोड आणि भात सतत खावासा वाटतो, कुणाला भेटावंसं वाटत नाही, आणि हे ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होऊन वसंतात कमी होतं. याला हिवाळी नैराश्य म्हणतात आणि इथले डॉक्टर ते चांगलं ओळखतात. 10,000 लक्सचा (लक्स हे उजेडाचं माप) दिवा रोज उठल्यावर साधारण अर्धा तास समोर ठेवणं हा एक मान्य उपाय आहे. डोळ्यांचा आजार असेल किंवा मनःस्थितीचे तीव्र चढउतार आधी झालेले असतील, तर डॉक्टरला विचारूनच दिवा वापरा. बहुतेक दवाखान्यांत मानसिक आरोग्यासाठी एक सहायक असतो. त्याच्याशी बोलणं फॅमिली डॉक्टरच्या सेवेतच मोडतं, त्यामुळे विम्यातल्या स्वतः भरायच्या रकमेला (2025मध्ये ती 385 युरो होती) हात लागत नाही. 'एवढ्याशासाठी काय जायचं' असं म्हणून थांबू नका. चांगली नोकरी, माहेर आणि ओळखीची भाषा एकाच वेळी सोडून आलेल्या माणसाला जड वाटणं अगदी स्वाभाविक आहे.

मराठी माणसाला डच कुठे सोपी, कुठे अवघड

आपल्याला इंग्रजीमार्गे डच शिकवतात आणि तिथेच गडबड होते. बऱ्याच गोष्टी इंग्रजीपेक्षा मराठीतून लवकर समजतात.

आकडे घ्या. डचमध्ये पंचवीसला 'फैफ-एन-त्विंतख' म्हणतात, आधी पाच, मग वीस. इंग्रजी भाषकांचा यात फार गोंधळ होतो. आपण पंचवीस, सव्वीस, सत्तेचाळीस हे लहानपणापासून असंच म्हणत आलो आहोत. तेव्हा डच आकडा ऐकताना इंग्रजी बाजूला ठेवून मनात मराठी आकडा आणा. लोक फोन नंबर दोन-दोनच्या जोड्यांत सांगतात, त्यामुळे हे पहिल्याच आठवड्यात लागतं.

वेळेचं अर्धं सोपं आहे. 'क्वार्त ओवर द्री' म्हणजे सव्वातीन, 'क्वार्त फोर द्री' म्हणजे पावणेतीन, अगदी आपल्यासारखं. पण 'हाल्फ द्री' ऐकून साडेतीनला जाऊ नका. ते अडीच आहेत, तीनच्या दिशेने अर्धा तास झालेला. 'तीन फोर हाल्फ द्री' म्हणजे दोन वाजून वीस मिनिटं, आणि इथे 'तीन' म्हणजे दहा. डॉक्टरची किंवा शाळेची वेळ फोनवर घेतलीत की ती आकड्यांत परत म्हणून दाखवा, 'चौदा वाजून तीस'च्या धर्तीवर. तशी पद्धत इथे रूढ आहे, कुणाला वावगं वाटत नाही.

वाक्यरचनेत एक नियम कष्टाने बसवावा लागतो: साध्या वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी येतं. 'मोर्खन खा इक नार द मार्क्त' म्हणजे उद्या मी बाजारात जाते. 'उद्या'ने सुरुवात झाली की लगेच क्रियापद, मग 'मी'. पण 'कारण', 'की', 'जेव्हा' अशा शब्दांनंतरच्या उपवाक्यात क्रियापद शेवटी जातं. 'ओमदात इक नेदरलंट्स लेर', कारण मी डच शिकते. हा तर आपलाच क्रम. भूतकाळातही 'इक हेप खिस्तरन ब्रोत खकोख्त' यात 'विकत घेतला' शेवटीच येतो. युरोपातले वर्गमित्र इथे अडखळतात तेव्हा तुम्ही पुढे जाल.

उच्चारांत 'व' फुकट मिळतो. डचमधलं डब्ल्यूचं अक्षर म्हणजे जवळजवळ आपला 'व', आणि व्हीचं अक्षर 'फ'कडे झुकतं. 'त' आणि 'द' दंत्य ठेवा. भारतीय इंग्रजीच्या सवयीने 'ट', 'ड' काढलेत तर समोरच्याला कानाला ताण द्यावा लागतो. शब्दाच्या शेवटी 'द' लिहिलेला असला तरी 'त' ऐकू येतो, 'ब' असला तर 'प'. त्यांचा प्रसिद्ध 'ख' हा उर्दू 'ख़ुदा'तला घर्षणाचा 'ख़' आहे. आइंडहोव्हन, मास्त्रिख्त या दक्षिण भागात तो मऊ असतो, पश्चिमेला खरखरीत. दोन्ही चालतात.

अवघड आहेत ते काही स्वर. 'हाउस' (घर) आणि 'बाउतन' (बाहेर) या रोजच्या डच शब्दांत येणारा स्वर मराठीत नाही. तोंड 'अ‍ॅ'साठी उघडा आणि आवाज चालू ठेवून ओठ 'यू'साठी गोल करा. आरशासमोर करा, रेकॉर्ड करून ऐका. महिनाभर रोज पाच मिनिटं दिली तर येतो. 'द' आणि 'हेत' या दोन उपपदांचं मात्र पाठांतरच करावं लागतं. तीन लिंगं सांभाळणाऱ्या मराठी माणसाला दोन जड नाहीत. दोन नियम पक्के आहेत: अनेकवचनाला नेहमी 'द', आणि लहानपणा दाखवणाऱ्या 'य'कारान्त शब्दाला नेहमी 'हेत'. बाकी प्रत्येक नाम उपपदासकट वहीत लिहा.

शिकायचं कुठे

माझं मत स्पष्ट आहे: एक वर्ग, जिथे प्रत्यक्ष जावं लागतं आणि पैसे भरलेले असतात, तो पाच अ‍ॅपांपेक्षा मोलाचा. फोल्क्सउनिव्हर्सितेत ही जनशिक्षण संस्था अनेक शहरांत आहे आणि तिथले वर्ग खासगी क्लासपेक्षा स्वस्त असतात. वेग हवा असेल आणि अभ्यासाची सवय असेल, तर डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठात तयार झालेली 'डेल्फ्ट पद्धत' वापरणारे वर्ग बघा. त्यात रोज एक परिच्छेद ऐकून-वाचून आत्मसात करायचा असतो, आणि आपल्या पाठांतराच्या संस्कृतीतल्या माणसाला ती मानवते. संध्याकाळचा वर्ग शक्यतो टाळा, सकाळचा घ्या. उजेडात जाणं-येणं होतं.

पैसे खर्च करायचे नसतील तरी मार्ग आहेत. गावच्या ग्रंथालयात 'तालहाउस' किंवा भाषा-कॅफे असतो, तिथे स्वयंसेवक गप्पा मारत भाषा शिकवतात. 'खिल्द सामनस्प्राक' आणि 'हेत बेखिंत मेत ताल' यांच्या जाळ्यातून आठवड्याला एकदा भेटणारा भाषेचा सोबती मिळू शकतो. बहुधा निवृत्त शिक्षक किंवा आजी-आजोबा असतात, वेळ देतात आणि संयमाने ऐकतात. ऑक्टोबरातच नाव द्या, थांबावं लागतं. खरोनिंगन विद्यापीठाचा प्राथमिक डच अभ्यासक्रम ऑनलाइन मोफत करता येतो. रोज संध्याकाळी मुलांच्या बातम्या, 'योख्तजर्नाल', बघा. 1981पासून चालत आलेला हा कार्यक्रम स्वच्छ उच्चारांत, छोट्या वाक्यांत असतो आणि दुसऱ्या दिवशी बोलायला विषय देतो.

बोलायचं कुठे

पुस्तकातलं वाक्य आणि दुकानातलं वाक्य यांत फरक असतो. दुकानातले प्रश्न मोजकेच आहेत, ते कानाला ओळखीचे करून घ्या. सुपरमार्केटच्या काउंटरवर 'विल्त ऊ द बोन?' म्हणजे पावती हवी का. 'स्पार्त ऊ झेखल्स?' म्हणजे दुकानाच्या सवलत-योजनेची चिकटवायची तिकिटं जमवता का. कार्डाने पैसे द्यायचे असतील तर 'पिनन, आल्स्तुब्लीफ्त'. बेकरीत 'खस्नेदन?' म्हणजे पाव कापून देऊ का. बाजारात विक्रेता 'वी इस एर आन द बर्त?' म्हणून कुणाची पाळी आहे ते विचारतो, तेव्हा हात वर करून 'इक' म्हणा. वस्तू दिल्यावर 'आंदर्स नोख ईत्स?', आणखी काही? झालं असेल तर 'दात वास हेत'. एवढ्यावर आठवडी बाजार पूर्ण पार पडतो. बाजार मी मुद्दाम सुचवते. सुपरमार्केटमध्ये न बोलताही खरेदी होते, बाजारात बोलावंच लागतं, आणि तो उजेडाच्या वेळेत असतो.

तुमचा उच्चार ऐकताच समोरचा इंग्रजीत बोलू लागेल. त्याचा हेतू मदतीचाच असतो. हसून म्हणा, 'इक लेर नेदरलंट्स, माख इक ऊफनन?' मी डच शिकतेय, सराव करू का? बहुतेक जण खूश होऊन वेग कमी करतात. तरी भरभर बोलले तर 'लांगझामर, आल्स्तुब्लीफ्त'.

डॉक्टरकडे वेळ घेण्याचा फोन हा पुढचा टप्पा. 'इक विल ख्राख एन आफ्स्प्राक माकन' म्हटलं की पलीकडून जन्मतारीख विचारतात, मग काय होतंय ते. दोन्हींची उत्तरं कागदावर लिहून मगच फोन लावा. घरातले असे फोन आणि डच पत्रं तुमच्याकडे घ्या. ऑफिसात इंग्रजीत काम करणारा जोडीदार बहुधा भाषेत मागे राहतो, आणि वर्षभरात घरातला डच जाणणारा माणूस तुम्ही झालेले असता. करखात्याचं निळं पाकीटही उघडायला घाबरू नका. एक पत्र, दहा नवे शब्द.

मुलं चार वर्षांची झाली की शाळेत जातात आणि झपाट्याने बोलू लागतात. त्यांना दुभाषी करू नका, निदान डॉक्टरकडे आणि शिक्षकांसमोर तरी नाही. त्या वयात आईबापाच्या दुखण्याचं भाषांतर करणं हे ओझं आहे. शाळेच्या दारात उभे राहता ती दहा मिनिटं मात्र वाया घालवू नका. तिथे रोज तीच माणसं दिसतात, हवामानावर एक वाक्य पुरतं, आणि ओळख होते ती अशीच. मुलं नसतील तर स्वयंसेवी काम घ्या: क्रिंगलोपमध्ये कपडे लावणं, परिसर केंद्रात कॉफी देणं, वृद्धाश्रमात सोबत करणं. वृद्धाश्रमातल्या माणसांना वेळ असतो, घाई नसते आणि तीच गोष्ट ते पुन्हा सांगतात. शिकणाऱ्याला आणखी काय हवं.

मराठी मैत्रिणींचा गट ठेवा, तो हवाच. दिवाळी घड्याळं मागे जाण्याच्या सुमारास येते, संक्रांत हिवाळ्याच्या ऐन मध्यावर, आणि त्या वेळी आपली माणसं जवळ असणं गरजेचं असतं. फक्त डचच्या वेळा वेगळ्या ठेवा, त्या गटाच्या भेटीत विरघळू देऊ नका. तिळगूळ शेजाऱ्यांनाही द्या. आधी दोन-तीन आठवडे वेळ ठरवून, सकाळी साडेदहाच्या कॉफीला बोलवा. संध्याकाळी सहा ही इथली जेवणाची वेळ, तेव्हा कुणाचं दार वाजवू नका. त्यांचेही सण हिवाळ्यातच आहेत. 11 नोव्हेंबरला काही भागांत मुलं कागदी कंदील घेऊन दारोदार गाणी म्हणतात, गोळ्या-चॉकलेटं घरात ठेवा. 5 डिसेंबरला सिंतरक्लास या संताच्या नावाने मुलांना भेटी, 31ला ओलीबोलन हे तळलेले गोड गोळे. वाटाण्याचं दाट सूप प्यायच्या आधी 'झित एर फ्लेस इन?' विचारा, त्यात बहुधा मांस असतं.

परीक्षेचं काय

उच्चकुशल स्थलांतरिताच्या जोडीदारावर भाषा-परीक्षेची सक्ती नसते, ना येण्याआधी ना आल्यावर. जोडीदार डच नागरिक असेल किंवा कायमचा रहिवासी असेल तर चित्र वेगळं आहे: येण्याआधी भारतातच प्राथमिक परीक्षा आणि आल्यावर 2022पासून लागू असलेल्या कायद्याप्रमाणे साधारण तीन वर्षांत पुढची पातळी. सक्ती नसली तरी पुढे कायम निवास किंवा नागरिकत्व हवं असेल तर परीक्षा लागतेच, आणि नियम बदलत असतात, म्हणून अर्ज करण्याआधी आयएनडीच्या, म्हणजे इथल्या स्थलांतर खात्याच्या, संकेतस्थळावर ताजी पातळी पाहा.

परीक्षा डीयूओ ही सरकारी शिक्षणसंस्था घेते. वाचन, ऐकणं, लिहिणं, बोलणं आणि डच समाजाची माहिती असे भाग आहेत आणि ते वेगवेगळ्या दिवशी देता येतात. पहिल्या हिवाळ्यात क्लास नीट केलात तर दुसऱ्या वर्षी वाचन आणि ऐकणं आधी देऊन टाका, आत्मविश्वास येतो. लिहिण्यासाठी एखाद्या माणसाला तपासायला द्या, शाळेला 'मूल आजारी आहे' किंवा घरमालकाला 'हीटर बंद आहे' अशा चिठ्ठ्या लिहून. बोलण्याची परीक्षा माणसासमोर नसून संगणकासमोर, हेडफोन लावून असते. सरावाच्या परीक्षा डीयूओच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. त्या मनात सोडवू नका. मायक्रोफोनसमोर, घड्याळ लावून, मोठ्याने उत्तर द्या, आणि शक्यतो घरात इतर बोलत असताना, म्हणजे परीक्षेच्या खोलीत आजूबाजूच्या आवाजात वाक्य तुटणार नाही.